कॉर्नवॉलिस आणि वशिल्याचं तट्टू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रिटिश सेनापती आणि पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झालेल्या कॉर्नवॉलिसवर मी लिहिलं, त्यावर ‘कॉर्नवॉलिस हे वशिल्याचं तट्टू. अमेरिका घालवून आला तरी बक्षीस म्हणून हिंदुस्थान मिळाला, आणि तुम्ही त्याचे गोडवे गाता,’ असा तुमचा आक्षेप आहे.

वशिला होताच. १७५६ मध्ये अठरा पूर्ण व्हायच्या आत तो गार्ड्स या पलटणीत एन्साइन (सर्वांत खालचा अधिकारी) झाला तो पैसे मोजून. ब्रिटिश पायदळात तेव्हा हुद्दे राजरोस विकत मिळत. बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल! पण तेवढंच सांगून चालणार नाही. हा गडी तुरिनच्या लष्करी विद्यालयात शिकला आणि इंग्रज फौज जर्मनीत निघाल्याचं कळताच युरोपची सहल सोडून तिकडे गेला. १७५९ मध्ये जर्मनीतल्या मिंडेनच्या लढाईत तो ग्रॅन्बी या इंग्रज सेनानीचा एडीसी (हाताखालचा मदतनीस अधिकारी) होता.

१७८१ मध्ये अमेरिकेत यॉर्कटाउनला त्याने पत्करलेली शरणागती मी लपवलेली नाही. आजाराचं निमित्त करून तलवार द्यायला हाताखालच्या ओ’हाराला पुढे केलं, हे तर मला अजिबात पटत नाही. पण खापर एकट्यावर फुटलं नाही, कारण समुद्राची वाट फ्रेंच आरमाराने अडवली होती आणि वरिष्ठ क्लिंटनशी त्याचं जमत नव्हतं. आणि नुसतं खानदान वाचवत असतं, तर उमरावाचाच मुलगा असलेल्या ॲडमिरल बिंगला लढाईत कसूर केल्याबद्दल १७५७ मध्ये गोळ्या घातल्या नसत्या.

मग हिंदुस्थान का? ईस्ट इंडिया कंपनीचे लोक इथून लुटीची माया घेऊन परतत, त्याची लंडनमध्ये छीथू होत होती. पैशासाठी इथे येण्याची गरज नसलेला माणूस हवा होता. म्हणजे त्याचं लॉर्डपण हीच इथे पात्रता ठरली. त्यानेही आधी गव्हर्नर जनरलचं पद नाकारलं आणि सरसेनापतिपद व कौन्सिलला (सल्लागार मंडळाला) डावलायचा अधिकार मिळाल्यावरच १७८६ मध्ये आला.

‘इथेही नशीबच’ म्हणता, ते मात्र थोडं खरं. टिपूविरुद्धच्या युद्धात मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ बैल मेले, धान्य संपलं, वेढ्याच्या तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या आणि माघार धरली. वाटेत घोडेस्वार दिसले तेव्हा टिपूचेच वाटले. निघाले इंग्रजांच्या बाजूने लढणारे मराठे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन! टिपूच्या स्वारांनी निरोपे अडवल्यामुळे मराठे इतके जवळ आलेत हे त्याला ठाऊकच नव्हतं. मराठी छावणीच्या बाजारात धान्य होतं, काश्मिरी शाली होत्या, बर्मिंगहॅमचे चाकूसुद्धा होते. भाव अर्थात चढे. (बाजारबुणग्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.) पुढच्या फेब्रुवारीत तो पुन्हा चालून गेला आणि टिपूचं निम्मं राज्य गेलं.

टीकाच करायची तर बंगालच्या १७९३ च्या कायमधाऱ्यावर (जमीनदारांचा सारा कायमचा ठरवून टाकणाऱ्या पद्धतीवर) करा. तिथे मी तुमच्या बाजूने आहे.