सदाफुलीची पानं चावून कॅन्सर जात नाही. आता भांडा.

सकाळी चहा हातात घेतला आणि फॅमिली ग्रुपवर पुन्हा तेच. सदाफुलीचा फोटो, खाली "सात पानं उपाशीपोटी, एकवीस दिवस, कॅन्सर मुळासकट जातो. डॉक्टर हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्यातले एक हात माझ्या मामांचे, म्हणून हे लिहितेय.

मामांना लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर आहे. नाशकातच केमो चालू आहे. सलाईनमधून जी औषधं जातात त्यातलं एक विंक्रिस्टीन. ते कशातून मिळतं? सदाफुलीतून! जे डॉक्टर कधीच सांगणार नाहीत तेच डॉक्टर मामांच्या शिरेत सोडतायत, आणि मामा घरी येऊन सिडकोतल्या गेटजवळच्या कुंडीतली पानं चोरून खातायत. मामींनी फोन केला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. "अगं, झाडाला पानंच राहिली नाहीत, मला वाटलं कीड लागली."

झाडपाला खोटा, असं मी म्हणतच नाहीये. उलट झाडपाला इतका खरा आहे की त्याच्याशी खेळू नका, एवढंच म्हणणं आहे.

1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर सदाफुलीवर काम करत होते. शोधत होते मधुमेहाचं औषध, कारण जमैकात लोक साखरेसाठी या पानांचा चहा प्यायचे. उंदरांना अर्क तोंडावाटे दिला, साखरेवर काहीही फरक नाही. टोचून दिला तेव्हा उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धाडकन उतरल्या, जंतुसंसर्गाने उंदीर मेले. दुसऱ्या कुणी अर्क फेकून दिला असता. यांनी विचार केला की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगात हे चालेल का? त्यातून 1958 मध्ये विनब्लास्टीन जगासमोर आलं, मागोमाग विंक्रिस्टीन. 1963 मध्ये अमेरिकेत विंक्रिस्टीनला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये ते आजही वापरतात.

आणि डोस किती? मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. मिलिग्रॅम! पानात ते इतकं नगण्य असतं की थोडंसं औषध काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. तुमच्या सात पानांत ते किती, कुणी मोजलं? बरं, पानात फक्त तेवढंच नसतं, इतरही बरीच विषारी अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली तीव्र रसायनं असतात. मामांच्या बोटांना मुंग्या येतात, शर्टाचं वरचं बटण लावायला मामी लागतात. मोजून मापून दिलेल्या औषधाचा हा त्रास. पेशी दुभंगताना आत जे धागे लागतात ते हे औषध तयारच होऊ देत नाही, आणि तसेच धागे मज्जातंतूंतही असतात. वर अजून पानं कशाला?

हो, मान्य आहे, डॉक्टर बोलत नाहीत. मामांच्या डॉक्टरांनी "हे सदाफुलीचं औषध आहे" एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी टाकलं असतं तर निम्मं काम झालं असतं. पण त्यांच्या दारात रांग बघा आणि मग बोला.

माझा खरा राग विकणाऱ्यांवर आहे. लक्ष्मणफळाची पावडर, "केमोपेक्षा कितीतरी पट प्रभावी". त्या फळातल्या ॲनोनासिनमुळे मेंदूच्या पेशींना इजा होते असा संशय आहे, कॅरिबियन बेटांवर ते भरपूर खाणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारखा आजार दिसला, हे डब्यावर लिहिलंय का? हळदीच्या गोळ्या घ्या म्हणे. हळद आमच्याही भाजीत असते, पण तिच्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं. गरीब माणूस मंगळसूत्र गहाण ठेवून हे डबे घेतो हो! चीड येते.

आणि निसर्गाचं प्रेम वगैरे तर सांगूच नका. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्यात कॅम्पटोथेसिन सापडतं, ज्याच्यावर बेतलेली औषधं आतड्याच्या कॅन्सरला वापरतात. कळल्याबरोबर लोकांनी चोरून तोडून तोडून त्याचे हाल केले.

असो. मामांचं सांगते.

रविवारी गेले होते. विज्ञान सांगून झालं, मामा भिंतीकडे बघत बसले. शेवटी सहज म्हटलं, मामा, टॅक्सॉल नावाचं औषध आहे, पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतलं, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरला देतात. 1971 मध्ये त्याची रासायनिक रचना ज्या टीमने छापली त्यात मनसुख वाणी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. आपल्या नंदुरबारचे. नरक्यात सापडतं ते कॅम्पटोथेसिनही त्यांनी आणि मनरो वॉल यांनीच 1966 मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं.

मामा ताठ बसले. त्यांचं सगळं बालपण नंदुरबार जिल्ह्यातल्याच शहाद्याचं.

"वाणी? नंदुरबारचा? कोणत्या गल्लीतला?"

गल्ली मला काय माहीत! पण पुढचा अर्धा तास आम्ही झाडाच्या सालीवर बोललो. 1962 मध्ये साल गोळा केली आणि टॅक्सॉलला मान्यता मिळाली 1992 मध्ये, हे ऐकून मामा म्हणाले, "तीस वर्षं? आणि मी एकवीस दिवसांत बरा होणार होतो होय?" मामी आतून हसल्या.

पानं बंद झालीत का? मामा म्हणतात झालीत. मामींनी कुंडी उचलून शेजारच्यांच्या गच्चीवर ठेवली आहे, म्हणजे त्यांचा विश्वास किती ते समजा. पुढच्या केमोला मी सोबत जाणार आहे. घरात जे जे चूर्ण-काढा-पावडर आहे त्याची यादी करून डॉक्टरांसमोर ठेवणार, ते चिडले तरी.

वाणी सरांवर मराठीत कुणी नीट लिहिलेलं असेल तर मला पाठवा. मामांना गल्ली शोधायची आहे.