टीडीएस कमी म्हणजे ओढा निरोगी? एक खुलासा

‘ओढ्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत आला, म्हणजे पाणी शुद्ध,’ असा मजकूर आणि सोबत मीटरचा फोटो सध्या फिरतो आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांसारख्या पदार्थांचं एकूण प्रमाण. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मैल्यातले जिवाणू त्याला दिसत नाहीत. लिटरला ५०० मिलिग्रॅमचा आकडा खरा आहे, पण तो पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातला आहे, आणि त्या मानकातल्या अनेक कसोट्यांपैकी ती फक्त एक. पुण्यातल्या रामनदीसारख्या सांडपाणी मिसळणाऱ्या प्रवाहात जोराचा पाऊस पडला की आकडा आपोआप उतरतो. मैला मात्र वाहतच असतो!

आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष पाहा: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू खर्च करतात तो ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, शिवाय मैल्यातल्या जिवाणूंची वेगळी मर्यादा. जिवाणूंची तपासणी प्रयोगशाळेतच होते.

मीटर फेकून द्या असं नाही. एकाच जागी आकडा अचानक चढला, तर प्रवाहाच्या वरच्या अंगाला कुणीतरी काहीतरी सोडलं असावं, एवढा इशारा तो देतो. पण स्वयंसेवकाने ओढ्यातले दगड उलटून खालचे जीव पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. शेपटाला तीन तंतू असलेली मेफ्लाय या कीटकाची पिल्लं भरपूर ऑक्सिजन मागतात. कमी ऑक्सिजनमध्येही तगणाऱ्या नुसत्या तांबड्या अळ्याच दिसल्या तर शंका घ्यावी. ऑक्सिजन मोजायचा तर पहाटे, कारण दुपारी शेवाळ तो वाढवून दाखवतं.