५१ रुपयेवाले पहिले

गणपतीची वर्गणी जमा झाली आणि सेक्रेटरी काका म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना, जास्त वर्गणीवाले वर अशी यादी लावून द्या की, बोर्डावर डकवायचीय." नावं फक्त पासष्ट. हातानं लावली असती तर चहा निवायच्या आत झाली असती, पण नाही, म्हटलं पाच ओळींची पर्ल स्क्रिप्ट टाकू. (पर्ल म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, १९८७ सालची. आपल्याला तीच येते, ऑफिसातली पोरं हसतात, हसू देत.)

हॅश केला, म्हणजे जोड्यांची यादी: ओळखायची खूण ती 'की' (key), इथे आडनाव, आणि तिच्यासमोरची व्हॅल्यू म्हणजे रक्कम. आत पासष्ट टाकले, बाहेर आले एकसष्ट. अर्धी रात्र गेली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बिल्डिंगमध्ये जोशी तीन आणि कुलकर्णीही तीन, आणि हॅशमध्ये एका कीला एकच जागा, त्यामुळे शेवटचा जोशी आधीच्या दोन जोशींना गिळून ढेकर देऊन बसलेला. मग फ्लॅट नंबरला की केलं. आता पासष्ट आले, पण दर वेळी रन केलं की क्रम वेगळाच, चिठ्ठ्या उचलल्यासारखा. हॅशला मुळात क्रमच नसतो, आपणच सॉर्ट करायचं असतं.

केलं सॉर्ट, प्रिंट काढली, न बघता बोर्डावर लावली. इथे चुकलो.

सकाळी बेल. तिसऱ्या मजल्यावरचे काका, अकरा हजार देणारे. "मी अडीचशेवाल्यांच्या खाली? आणि तो एक्कावन्न रुपये देणारा पहिला?"

खरंच होता. मी तुलनेला सीएमपी लिहिलेलं, आणि ते आकडा म्हणून बघतच नाही, अक्षरं बघतं. ५१ आणि ५०१, दोघांचं पहिलं अक्षर पाच, दुसरं एक आणि शून्य, एक मोठा, म्हणून ५१ जिंकला. अकरा हजार बिचारे एकनं सुरू होतात, ते मागेच राहणार. काकांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हणजे मी नव्वद रुपये दिले असते तर वर आलो असतो?" हो म्हणालो. म्हणायला नको होतं.

आकड्यांसाठी पर्लमध्ये वेगळी खूण आहे, लेस दॅन, इक्वल आणि ग्रेटर दॅन एकमेकांना चिकटवलेले, दिसते उडत्या तबकडीसारखी, नावही स्पेसशिप. तुलना करायच्या दोन रकमांना पर्ल डॉलर ए आणि डॉलर बी म्हणतं; डॉलर बी आधी, डॉलर ए नंतर लिहिलं म्हणजे मोठा वर. ती टाकली. नवीन प्रिंट, नवीन बोर्ड. संध्याकाळी परत बेल. काका आता पार तळाला, एक्कावन्नवाल्याच्याही खाली! खजिनदारांनी ११,००० लिहिताना मधे कॉमा दिलेला, आणि पर्ल कॉमापर्यंत वाचतं आणि थांबतं, अकरा रुपये. वॉर्निंग आली असती, पण ती कटकट मीच बंद करून ठेवलेली.

कॉमा काढले. काका पहिले आले, खूष, मोदक पाठवले. पण ५०१ वाले नऊ जण, त्यांच्यात वर कोण? सेक्रेटरी म्हणाले, फ्लॅट नंबरनं लावा, वाद नको. सोपंय, शेवटी एक सीएमपी जोडलं, प्रिंट काढली, झोपलो.

सकाळी साडेसहाला फोन. फ्लॅट नंबर दोनवाल्या काकू. "अहो, दहा नंबर आमच्या वर कसा हो?"