टेम्पोच्या ‘फुल इन्शुरन्स’बद्दल फिरणारा मेसेज

टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘फुल इन्शुरन्स’ असला की अपघातात मालकाच्या खिशाला हात लागत नाही, समोरच्याचं कितीही नुकसान होवो, मागे कुणीही बसलेलं असो, सगळं कंपनी भरते. फक्त ड्रायव्हरकडे बॅज, म्हणजे व्यावसायिक गाडी चालवण्याची लायसन्सवरची वेगळी नोंद हवी, नाहीतर क्लेम बुडाला. चौथ्यांदा आला तेव्हा घरच्या पिकअपची पॉलिसी काढली आणि शेजारी ठेवून वाचली.

आधी ‘फुल’चं बघू. त्यात दोन भाग असतात: आपल्या गाडीचं नुकसान, आणि आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, म्हणजे थर्ड पार्टी. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या घसाऱ्याची कपात टाळणारा जादा विमा, घेतलात तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे जास्त पैसे मिळतील, पण थर्ड पार्टीचा भाग त्याने एक रुपयानेही वाढत नाही.

समोरच्याचं कितीही? माणूस दगावला किंवा जखमी झाला तर रकमेला मर्यादा नाही, हे खरं. मालमत्तेला मात्र आहे: साडेसात लाख. माझ्या पॉलिसीत ही ओळ मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. प्रीमियममध्ये किरकोळ सूट मिळते म्हणून काही जण ही मर्यादा 6,000 वर आणतात, कधी तर मालकाला पत्ताही नसतो. 6,000 मध्ये हल्ली चांगल्या मोटारीचा हेडलाइट तरी येतो का? शिवाय आपल्याच टेम्पोतला गिऱ्हाइकाचा माल यात येत नाही, कारण तो आपल्या ताब्यात असतो. टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर सांडले तर मालाचा विमा वेगळा काढलेला लागतो.

मागे बसलेल्यांचा मुद्दा सगळ्यात घातक. लग्नसराईत छोटा हत्तीच्या हौद्यात सतरंजी टाकून वऱ्हाड बसवणारे आपल्यातच आहेत. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालासोबत असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 147 त्याला संरक्षण देतं. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्यांना देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात डिसेंबर 2002 मध्येच हे सांगितलं, आणि 2019 च्या दुरुस्तीतही ते तसंच राहिलं. म्हणजे नवरीच्या मामाला काही झालं तर भरपाईचा बोजा मालकावर. ‘आहेराचं कपाट होतं ना गाडीत’ हे उत्तर मी ऐकलंय. एका कपाटाचे पंचवीस मालक?

बॅजचं मात्र उलटं आहे, तिथे मेसेज उगाच घाबरवतो. एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलं.

लायसन्स बोगस किंवा संपलेलं निघालं तर? ‘कंपनी भरते’ हे तेव्हाही बऱ्याचदा खरं ठरतं. अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा चेकच पाहिला, मागून येणारी वसुलीची नोटीस नाही. पण स्वरन सिंग प्रकरणाच्या 2004 च्या निकालानुसार मालकाचा निष्काळजीपणा कंपनीला सिद्ध करावा लागतो. म्हणून नवा ड्रायव्हर ठेवताना मी त्याच्या लायसन्सचा नंबर सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर टाकून बघतो आणि त्या पानाची तारखेसकट प्रिंट पॉलिसीच्याच फाईलला लावतो.