‘दोन-तीन मुलींसाठी वेगळी खोली कशाला?’ – प्रतिक्रियेला उत्तर

सर, बाळ घरी ठेवून येणाऱ्या विद्यार्थिनींना दूध पाजायला-काढायला कॉलेजात वेगळी खोली हवी, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुम्ही लिहिलंय तेच बऱ्याच स्टाफरूममध्ये बोललं जातं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं असं की कॉलेजात लेकुरवाळ्या मुली दोन-तीनच असतात, त्यांनी वर्षभर गॅप घ्यावा, आपल्या आया पोराला झोळीत टाकून शेतात राबल्या त्यांना कुठे खोली लागली, आणि आधी मुलींचे टॉयलेट तरी धड करा.

झोळीचं आधी सांगते. त्या बाईचं पोर बांधावरच्या झाडालाच होतं ना, रडलं की खुरपं ठेवून ती जाऊन पाजायची. आपल्या विद्यार्थिनीचं पोर घरी सासूकडे नाहीतर आईकडे, लांब कुठल्यातरी गावात, कारण गेटवर वॉचमन बाळाला सोडत नाही आणि सोडलं तरी वर्गात घेऊन कुठे बसणार. सकाळच्या एसटीने निघाली की दुपार टळल्यावर घरी. तोपर्यंत छाती दगडासारखी होते, गाठी येतात, कुणाकुणाला ताप भरतो, आणि दूध वेळच्या वेळी निघालं नाही तर हळूहळू यायचंच कमी होतं, शरीराचं गणितच तसं आहे. पहिले 6 महिने फक्त अंगावरचं दूध आणि पुढे 2 वर्षं किंवा जास्त वरच्या अन्नासोबत, हे आपण सगळे पोस्टरवर वाचतो. आणि तीच मुलगी टॉयलेटमध्ये उभी राहून ओढणीआड दूध पिळून बेसिनमध्ये सोडून देते, पुढच्या लेक्चरला येऊन बसते आणि ओला ड्रेस वहीने झाकते. हे कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही सर. दोन-तीन हा आकडा ज्यांनी तोंड उघडून विचारलं त्यांचा आहे. ज्यांनी न विचारता यायचंच बंद केलं त्या आपल्या यादीत ‘अनियमित’ म्हणून पडल्यात. बीएडच्या वर्गात तर लग्न झालेल्या मुली किती असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता गॅपचं बघा. एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद, तिच्या 2014 च्या नियमांप्रमाणे बीएड 2 वर्षांचं, ॲडमिशनपासून जास्तीत जास्त 3 वर्षांत संपवायचं, वर्गाला 80 टक्के हजेरी आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के. एक वर्ष गेलं की मग हाताशी काहीच उरत नाही, त्यात एखादा पेपर राहिला तर? पीएचडीवाल्यांना यूजीसीने 240 दिवसांपर्यंत रजेची सोय केलीय, बीए-एमएच्या मुलींसाठी हजेरीत सवलतीचे नियम करा असं 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलंय, पण ते वर्गापर्यंत पोचायला हवं ना! नोकरदार बाईला निदान 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे रजा दिली, 50 किंवा जास्त कर्मचारी असले तर पाळणाघर आणि दिवसातून 4 वेळा तिथे जायची मुभा दिली. विद्यार्थिनी कर्मचारी नाही, म्हणून ती त्यात बसतच नाही. सीएचबीवरच्या, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या मॅडम तरी काय करणार, तास बुडाला की पैसे बुडाले.

टॉयलेटचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते झालंच पाहिजे, पण एक झाल्याशिवाय दुसरं नको असं म्हटलं की दोन्ही राहतात, हे इतकी वर्षं बघतोय. खोलीला लागतं तरी काय? आतून लागणारी कडी, पाठ टेकेल अशी खुर्ची, दूध काढायच्या पंपासाठी प्लग, हात धुवायला बेसिन आणि एक छोटा फ्रिज. फ्रिज चैनीसाठी मागत नाहीये. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण 4 तास टिकतं, फ्रिजमध्ये 4 दिवस. आपली परीक्षा एप्रिल-मेमध्ये, बाहेर 40 अंश, मग ते घरी न्यायचं कसं?

आणि खोली नुसती नावाला नको हे सगळ्यात महत्त्वाचं. एका कॉलेजात हिरकणी कक्षाची, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीची पाटी बघितली, आत जुने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि मोडकी बाकं, चावी शिपायाकडे, शिपाई बँकेत गेलेला. वीस-बावीस वर्षांची मुलगी त्या शिपायामागे फिरून ‘दूध काढायचंय, चावी द्या’ म्हणेल का? 2023 च्या अधिवेशनात आमदार सरोज अहिरे बाळाला घेऊन विधानभवनात आल्या तेव्हा तिथला हिरकणी कक्षही धुळीने भरलेला होता, त्यांनी सगळ्यांसमोर बोलून दाखवलं म्हणून यंत्रणा हलली. आमदाराला बोलावं लागतं तिथे आपल्या एमएच्या पोरीने कुणाला बोलायचं? सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2025 मध्ये सार्वजनिक ठिकाणी अशा सोयी करण्याबद्दल राज्यांना सांगितलंय, स्तनपानाकडे लाजिरवाणं म्हणून बघू नका असंही म्हटलंय, तेव्हा हे शहरी फॅड वगैरे नाहीये.

तुम्ही कॉलेज डेव्हलपमेंट कमिटीवर आहात असं लिहिलंत. मग पुढच्या मीटिंगला तळमजल्यावरची एक खोली, आतली कडी आणि चावी लेडीज रूममध्ये टांगलेली, एवढाच विषय अजेंड्यावर घ्या. फ्रिजचे पैसे उभे करायला माजी विद्यार्थिनींना मी स्वतः फोन करते.