आयटीआय म्हणजे नोकरी नव्हे

'आयटीआय करा, रेल्वेची नोकरी पक्की' असं रेल्वे भरतीवरच्या एका लेखात सरळ लिहून टाकलंय. तेवढं सोपं नाही जी. अप्रेंटिसला, म्हणजे आयटीआयनंतर रेल्वेत मिळणाऱ्या प्रशिक्षणाला, परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. नागपुरात मोतीबाग वर्कशॉपची जाहिरात दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची असते, मध्य रेल्वेची नाही. पोरं चुकीच्या साइटवर शोधत बसतात. अप्रेंटिस संपलं की नोकरी लागत नाही. ग्रुप डी, म्हणजे रेल्वेतल्या सर्वांत खालच्या पदांच्या भरतीत, अप्रेंटिस केलेल्यांना 20 टक्के जागा राखीव मिळतात, पण परीक्षा द्यावीच लागते.

ग्रुप डी ची खरी गळती मैदानात, शारीरिक चाचणीत होते. पुरुषांना 35 किलो वजन 2 मिनिटांत 100 मीटर न्यायचं, मध्ये खाली ठेवलं की बाद. मग 1000 मीटर 4 मिनिटं 15 सेकंदांत. दोन्हीला एकच संधी. सरावाला युरियाच्या रिकाम्या चुंगडीत रेती भरा, पण काट्यावर मोजून. अंदाजानं भरलेली 28 चीच निघते. तोंड घट्ट बांधा, ढिलं राहिलं की रेती एका बाजूला सरकते अन् खांद्यावरून चुंगडी घसरते. धावताना 400 मीटरचा फेरा 102 सेकंदांत बसला पाहिजे. पहिलाच 75 मध्ये मारणारे शेवटच्या 200 मीटरला चालायला लागतात.

ओबीसीवाल्यांनो, सेतूतून जातीचा दाखला काढताना केंद्र सरकारच्याच नमुन्यातला मागा. राज्याचा दाखला कागद तपासणीत चालत नाही. आणि फॉर्ममध्ये बँक खातं नीट टाका, परीक्षेला बसल्यावर फीच्या 500 रुपयांपैकी 400 परत येतात.