गाणं लंडनला गेलं, पैसा परभणीला येतो का?

परभणी-जालन्याकडच्या कलावंतांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'परदेशात गाणं गायलं की पैसा गायकाला नि कंपनीला. गीतकाराला छदाम नाही. पाहिजे असेल तर त्या देशात जाऊन नोंदणी करा, वकील धरा. अन् हक्क एकदा विकला की विषय संपला.' आमच्याकडं भीमगीतं लिहिणारी चांगली चांगली माणसं हे वाचून गप्प बसलीत, म्हणून लिहितोय.

छदाम नाही, हे चूक. गायकाला मिळतं ते गाण्याचं मानधन. रॉयल्टी वेगळी, ती शब्दांची आणि चालीची असते. स्टेजवर वादक बसलेले असतील तर कंपनीचं रेकॉर्डिंग वाजतच नाही, वापरले जातात ते तुमचे शब्द.

वकील, विमान यातलं काहीच लागत नाही. आपल्याकडं गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९पासून आहे. ब्रिटनमध्ये पीआरएस, जर्मनीत गेमा. या संस्थांचे आपसांत करार असतात. लंडनच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम झाला, तर गाणी वापरण्याच्या परवान्याची रक्कम पीआरएसकडं जाते, ते तिथं गायलेल्या गाण्यांची यादी नोंदलेल्या गाण्यांशी जुळवतात आणि तुमचा वाटा आयपीआरएसमार्फत तुमच्या खात्यात येतो. वेळ लागतो, मधे खर्चही कापला जातो. पण त्यासाठी तुम्ही सभासद पाहिजेत आणि गाणं नोंदलेलं पाहिजे.

खरी गोची जुळवणीत आहे. मी ओळखीच्यांचे फॉर्म भरून देतो. एकाच्या गाण्यात 'पाणी' होतं. इंग्रजीत नोंदताना एक 'ए' लिहिला, गायकानं तिकडं दोन लिहिले. गीतकाराचं नाव फॉर्मवर आडनावासकट, यादीत नुसतं 'शाहीर'. मराठवाड्यात शाहीर काय कमी आहेत का? म्हणून पर्यायी स्पेलिंगही नोंदवून ठेवायचं, आणि गायक निघण्याआधी यादी त्याच्या हातात द्यायची: गाणं, शब्द कुणाचे, चाल कुणाची.

मेसेजवाल्याचं एक मान्य. कार्यक्रम करणाऱ्या मंडळानं परवानाच घेतला नाही, किंवा यादीच दिली नाही, तर तुमच्या नावावर काही येत नाही. पारंपरिक ओवीवरही कुणाचा हक्क नाही. तिच्यावर तुम्ही नवीन बांधणी केली असेल तर तेवढीच तुमची.

राहिला 'हक्क विकला'चा मुद्दा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमातल्या किंवा रेकॉर्ड झालेल्या गाण्याचा हक्क कंपनीला दिला, तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडता येत नाही. तो द्यायचाच झाला तर वारसांना किंवा वसुलीसाठी अशा संस्थेला. शंभराच्या स्टॅम्पवर 'रॉयल्टी मागणार नाही' लिहून घेतलं असेल, तर ते कलम टिकत नाही. गीतकार गेल्यावरही ६० वर्षं हक्क असतो, म्हणजे घरच्यांनी कागद रद्दीत घालू नयेत.

दुरुस्तीच्या आधीचे करार मात्र एकेक वाचूनच बोलावं लागतं. माझ्या कपाटात असे तीन पडलेत. एकावर तारीखच नाही.